जास्त ओढणारी चिमणी

इथे व्हरमाँटमध्ये लाकडाच्या स्टोव्हची तक्रार म्हणजे धूर घरात येतो, ही. आमचं उलटं होतं. चिमणी तीसेक फूट उंच, घराच्या मधूनच छपराबाहेर गेलेली. जानेवारीत पारा उणे वीस सेल्सियसला गेला की हवेची दांडी पूर्ण बंद करूनही आत जाळ ढणाढणा, पाइपात घोंघों आवाज. झोपताना भरलेले ओंडके पहाटेआधीच राख, आणि खोली गारच. ऊब सगळी छपरावरून पसार!

आतली हवा गरम आणि हलकी, बाहेरची थंड आणि जड. चिमणी जितकी उंच, तितका हा फरक जोर धरतो. सांगलीला आजीच्या बंबातही मधल्या नळीतून ज्वाळा वर यायला लागल्या की ती चिमट्यानं नळीवर झाकण अर्धवट सरकवायची.

आधी संशय स्टोव्हच्या दाराच्या कडेनं फट बुजवणाऱ्या दोरीवर. फटीत डॉलरची नोट धरून दार लावलं आणि ओढलं, तर नोट हलेना. म्हणजे दोरी घट्ट होती. मग चिमणी साफ करणाऱ्यानं पाइपला बारीक भोक पाडून मापक लावला. स्टोव्हच्या पुस्तिकेत बारा ते पंधरा पास्कल ओढ सांगितलेली, काटा चाळिसाजवळ. नव्या स्टोव्हमध्ये धूर जाळण्यासाठी वरच्या भोकांतून हवा येते आणि ती वाट दांडीनं बंद होत नाही. मुद्दामच तशी केलेली असते. चिमणी तिथूनच हवा खेचत होती.

वजनावर आपोआप उघडणारी झडप बसवावी, असं मी सुचवलं. तो साफ नाही म्हणाला. तिच्यातून खोलीतली गार हवा चिमणीत शिरते, काजळीचं डांबर साचतं, आणि ते कधी पेटलंच तर तीच झडप आगीला हवा पुरवते. त्यानं पाइपात ओतीव लोखंडाची, मूठ बाहेर असलेली चकती बसवली. पुस्तिकेत तिला परवानगी होती. सगळ्याच कंपन्या देत नाहीत. चकतीला भोकं असतात, त्यामुळे वाट कधीच पूर्ण बंद होत नाही.

पेटवताना चकती उघडी. जाळ बसला, पाइपावरचा तापमापक चढला, की हळूहळू फिरवायची. फार फिरवली तर काच काळी पडते. दार उघडण्याआधी मात्र ती आठवणीनं सरळ करायचीच, नाहीतर धूर थेट तोंडावर. हे पाहुण्यांना कितीदा सांगितलं तरी पटत नाही, म्हणून लाकडं आता आम्हीच घालतो. रात्रीचे निखारे सकाळी चहाच्या वेळेपर्यंत टिकतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही मजल्यांवर लावलाय. चकती असो वा नसो, तो हवाच.