शेतीच्या तासाला बियाणं तपासा

टेंभुर्णीसह जाफ्राबाद तालुक्यातल्या माध्यमिक शाळांत शेती शिकवणारे सर आणि मॅडम,



तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची नाहीतर शेतमजुरांची. खुरपणी, कापूस वेचणी, पाठीवरचा फवारणी पंप यातलं काहीच त्यांना नवं नाही. म्हणून पालक विचारतात, पोरांना शेतीतून बाहेर काढायला शाळेत घातलं, तर तिथेही शेतीच कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की शेतीतलं काम मुलं घरी शिकतात, पण मोजणं, तपासणं आणि लिहून ठेवणं त्यांना शाळेतच मिळू शकतं.

मागणी जुनीच आहे. 1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीचं मूलभूत ज्ञान असावं असं सांगितलं होतं. आज नववी-दहावीला व्यवसाय शिक्षणात शेतीचा पर्याय आहे, 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून कामाचा अनुभव सांगितला आहे. तरीही हा विषय बऱ्याचदा अभ्यासात मागे पडलेल्यांच्या वाट्याला जातो. हे थांबायला हवं.

मोजणं-तपासणं का हवं, त्यासाठी सोयाबीनचंच घ्या. 2020च्या खरिपात मराठवाड्यात बियाणं उगवलं नाही म्हणून इतक्या तक्रारी झाल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तोवर दुबार पेरणीचा खर्च घराघरावर पडलाच होता. उगवण तपासायला मात्र प्रयोगशाळाच लागते असं नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर आले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. साठच आले तर 35 किलो लागेल. हे त्रैराशिक सातवीतलं पोरही सोडवतं. त्याहून फारच कमी आले तर ते बियाणं पेरूच नये, हा निर्णय घरात पेरणीआधी होतो. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पोतं आपटलं की उगवण घटते, हेही मुलांना त्याच वेळी दाखवता येईल.

आणि आपला जालना जिल्हा तर बियाण्यांचाच. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीडीएन 711 सारखे तुरीचे वाण दिले. तुमच्या तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. तिथे बाया चिमट्याने मादी झाडाच्या न उमललेल्या कळीतले पुंकेसर काढतात आणि नर झाडाचे पराग तिथे लावतात. दहावीच्या विज्ञानात पुंकेसर-स्त्रीकेसराची आकृती येते, तेव्हा त्या बायांपैकी एकीला वर्गात बोलवा. हात कसा चालतो ते ती दाखवील, कंपनीचं संकरित बियाणं दरवर्षी नवं का घ्यावं लागतं आणि सोयाबीनचं सरळ वाण घरचं का चालतं, हे तुम्ही सांगा. शेतात राबणाऱ्या बाईचं ज्ञान फळ्यापर्यंत आलं, तर मुलींनाही हा विषय आपला वाटेल.

फवारणीचा धडा तर टाळूच नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. घरात लेबल वाचू शकणारं पहिलं माणूस बहुधा तुमचा विद्यार्थीच असतो. कपाशीत कामगंध सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजायला त्यालाच सांगा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर गुलाबी बोंडअळीवर उपाय करायची वेळ झाली. त्याआधीची फवारणी म्हणजे पैसाही वाया आणि जिवालाही धोका.

यातलं प्रत्येक मूल उद्या शेती करीलच असं नाही. कुणी नर्स होईल, कुणी पोलीस भरतीला उतरेल. पण सांगोवांगीवर विश्वास न ठेवता शंभर दाणे मोजून बघायची सवय कुठेही उपयोगी पडते.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तोवर पेरणीची घाई सुरू झालेली असते. म्हणून विनंती एकच आहे. यंदा उन्हाळी सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलाला घरच्या बियाण्याची मूठभर पुडी आणायला सांगा. वर्गात उगवण तपासा, आकडा त्याच्या वहीत लिहून घ्या आणि शाळेच्या दर्शनी फलकावर लावा. गावातला शेतकरी तो आकडा बघायला शाळेत येईल, आणि शाळेत शेती कशाला, हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

आपला,
एक शेतकरी पालक