शेवटच्या रांगेपर्यंत

संपादकांनी ‘नाट्यगृहांचं ध्वनिशास्त्र’ असा विषय दिला तेव्हा मोठ्या नाट्यगृहांवर लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर आला तो कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी असलेला नाट्यमंडळाचा हॉल. ध्वनिसल्लागार म्हणून मानधन न घेता केलेलं काम. दोन वर्षं झाली, तरी ते मनातून जात नाही.

हॉल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, साडेचार मीटर उंच. खाली कोटा फरशी, भिंतींना गिलावा, वर पत्रा. पहिल्या दिवशी मधोमध उभी राहून टाळी वाजवली, तर ती विरायला चार सेकंद लागले. संवादाच्या नाटकाला हा काळ एका सेकंदाच्या आसपास हवा. चार सेकंदांत नटाचे पुढचे दहा शब्द बोलून झालेले असतात, आणि सगळे एकमेकांवर चढतात. “मॅडम, दोन स्पीकर वाढवले की भागेल ना?” मंडळाचे सचिव म्हणाले. हा प्रश्न मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. स्पीकर वाढवले की घुमणंही तेवढंच वाढतं.

आमच्या शास्त्राची सुरुवातच अशा एका बिघडलेल्या खोलीत झाली. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री वाहून आणायचा, मोजमापं घ्यायचा आणि सकाळपर्यंत परत ठेवायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. शोषण मोजायचं ते उघड्या खिडकीच्या मापात, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आमच्या हॉलचं शोषण भरलं जेमतेम १७ चौरस मीटर. ऐंशी प्रेक्षक बसले की त्यात साधारण ३६ ची भर. एक सेकंदाच्या चांगलं खाली यायला आणखी पंचवीसेक हवे होते.

इथे अंड्यांच्या ट्रेबद्दल बोलायलाच हवं. मंडळाने एक भिंत या ट्रेंनी मढवली होती, उरलेल्या भिंतींसाठी थर्माकोल आणून ठेवला होता. थर्माकोलमध्ये हवा शिरतच नाही, त्यामुळे तो आवाज शोषत नाही. ट्रेचं दुखणं जास्त खोल आहे. त्यांचा पातळ लगदा फक्त वरच्या पट्टीतला थोडा आवाज खातो, खालचा घुमारा तसाच राहतो. बोलण्याचा अर्थ तर क, त, प, स या व्यंजनांत असतो, आणि त्यांची ओळख वरच्या पट्टीत. म्हणजे कळायला हवं ते ट्रे खातात आणि नको ते ठेवतात. पेटले तर काय होईल, ते वेगळंच. इंटरनेटवर कितीही फोटो दिसोत, ट्रे लावू नका.

आवाज शोषणाऱ्या तयार पॅनेलला पैसे नव्हते. गावातल्या बायका जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळी शिवतात. त्यांच्याकडून चाळीस चौरस मीटर शिवून घेतल्या, भिंतीपासून १० सेंटीमीटर अंतर सोडून टांगल्या. ते अंतर महत्त्वाचं, कापड खालचा आवाज त्याच्या जोरावरच शोषतं, आणि दमट हवेत मागे वारा खेळता राहतो. त्याआधी टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात त्या भिजवून वाळवल्या, आग लवकर धरू नये म्हणून.

विनामोबदला कामाबद्दल माझ्या मनात शंका आहेत. माझ्या फुकट कामाने एखाद्या तरुण सल्लागाराचं पोट मारलं जातं का? म्हणून मी पूर्ण रकमेचं बिल करते, खाली ‘देणगी’ लिहिते. कामाची किंमत कागदावर राहायला हवी. अमेरिकेत ‘पब्लिक आर्किटेक्चर’ या संस्थेने २००५ च्या सुमारास वास्तुरचनाकारांना कामाच्या वेळेतला एक टक्का द्यायचं आवाहन केलं. वर्षाला साधारण वीस तास. या हॉलला माझे त्याहून बरेच जास्त गेले, आणि नकाशे मी मोठ्या कामाला काढते तितकेच पूर्ण काढले. उरलेल्या वेळातला अर्धवट सल्ला संस्थांच्या गळ्यात मारणं मला मान्य नाही.

अशा नाट्यमंडळांची माणसं शाळेच्या हॉलमध्ये, देवळाच्या मंडपात नाटकं करत आली आहेत. दादरच्या छबिलदास शाळेतला हॉल नाट्यगृह म्हणून बांधलेला नव्हता, तरी १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तिथे प्रायोगिक रंगभूमी उभी केली. आपलं निम्मं नाटक अशाच जागांत घडलं, आणि तिथे आमच्यापैकी कोणी मोजपट्टी घेऊन गेलं नाही.

पहिल्या प्रयोगाला मी शेवटच्या रांगेत बसले होते. सातवीतली एक मुलगी माइकशिवाय, पाठमोरी, हळू आवाजात एक वाक्य बोलली. शेजारच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना ते ऐकू आलं होतं. मोठ्या प्रकल्पांनी मला घर दिलं, ऑफिस दिलं. असा क्षण त्यांतल्या एकानेही दिला नाही.

एक गोष्ट राहिली. पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा वाकळींचा काही उपयोग नाही, जून ते सप्टेंबर हॉल गप्प असतो. पत्र्याखाली बसवायच्या थराचा नकाशा तयार आहे, पैसे जमायचे आहेत. पुढचा जून येण्याआधी तो बसवायचा आहे.