खर्जाची तार

वयाची पन्नाशी उलटली म्हणजे मनुष्यास नवे छंद सहसा जडत नाहींत. टाकून दिलेले जुनेच छंद एकेक करून दाराशीं येऊन उभे राहतात. कोणाला विद्यार्थिदशेंतील बुद्धिबळ आठवतें, कोणी पोस्टाच्या तिकिटांची वही माळ्यावरून खालीं काढतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, ज्यास आमच्या तारुण्यांत सर्वजण औरंगाबाद म्हणत, आम्हां चारपांच मित्रांच्या दाराशीं जो छंद परत आला, तो सांगतांना थोडा संकोच वाटतो. आमच्या वयाच्या गृहस्थानें सतार हातीं घेतली किंवा संवादिनी पुढें ओढली तर शेजारी माना डोलवितात. पण त्यानें गिटार गळ्यांत अडकविली तर ते खिडक्या लावून घेतात. त्यांतून आमची गिटार म्हणजे बेस गिटार, जिच्यावर गाण्याची चाल सहसा वाजवीत नाहींत ती.

ज्या वाचकांनीं हें वाद्य जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बेस गिटारीला बहुधा चार जाड तारा असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां ती सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. म्हणजे मनुष्याच्या कानास ऐकूं येणाऱ्या नादाच्या जवळजवळ तळाशींच तिचें स्थान. तंबोऱ्याची खर्जाची तार गायकाच्या पायाखालीं जी भूमि घालते, तीच ही घालते; फरक इतकाच कीं तंबोऱ्याची भूमि स्थिर असते आणि ही गाण्याबरोबर पावलें टाकते. पूर्वीं पाश्चात्य वाद्यमेळांत हें काम पुरुषभर उंचीच्या डबल बेसकडे असे. त्याला प्रवासांत न्यावयाचें म्हणजे एक पाहुणाच सांभाळावयाचा, आणि इतकें करून कर्ण्यांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई. १९३० नंतरच्या दशकांत सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क यांनीं विजेवर चालणारें सुटसुटीत वाद्य करून पाहिलें, पण तें रुजलें नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं ३४ इंच लांब तारेचें, गळ्यांत अडकवावयाचें वाद्य बाजारांत आणलें. दांडीवर पडदे असल्यामुळें त्यांत सूर अचूक लागे, म्हणून त्याचें नांवच त्यांनीं ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असें ठेविलें.

असें असूनहि बेस वाजविणाऱ्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या शहराच्या उत्तरेस डोंगरांत जीं लेणीं आहेत, त्यांतील सातव्या लेण्यांत एका नर्तकीचें शिल्प आहे. तिच्या दोहों बाजूंस वाद्यें घेतलेल्या सहा स्त्रिया आहेत. सुमारें चौदाशें वर्षांपूर्वींच्या त्या शिल्पकारानें साथ करणाऱ्यांनाहि दगडांत जागा दिली. आमच्या काळच्या हिंदी चित्रपटांच्या नामावलींत मात्र वादकांना ती क्वचितच मिळे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. त्यांचे सूर घराघरांत गेले, नांव फार थोड्यांस ठाऊक झालें. ग्रेगरी बूथ यांनीं २००८ सालीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वादकांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत या मंडळींपैकीं पुष्कळांची हकीकत नांवानिशीं नमूद झाली आहे.

आम्ही त्या सुरांच्या मागें लागलों तो काळ १९८५ च्या आसपासचा. गणेशोत्सवांत आणि लग्नसमारंभांत आमचा ऑर्केस्ट्रा वाजे. परदेशी वाद्यें त्या वेळीं आयातीच्या निर्बंधांमुळें मध्यमवर्गीयास स्वप्नांतच दिसत. आमच्यांतील एक मित्र मुंबईस धोबीतलावावर जाऊन कलकत्त्यास बनलेली एक बेस गिटार घेऊन आला, रात्रभर एस्. टी. मध्यें ती त्यानें मांडीवरून खालीं ठेविली नाहीं. तारांचा नवा जोड घेण्याइतके पैसे कोणापाशींच नसत. म्हणून घामानें व मळानें बोजड झालेल्या तारा उतरवावयाच्या, उकळत्या पाण्यांत टाकावयाच्या, पुसून वाळवावयाच्या व पुन्हां चढवावयाच्या, हा उपाय आम्ही करीत असूं. त्यानें तारेंत कांहीं दिवस पुन्हां तेज येतें. ज्या पातेल्यांत हा विधि होई, तें मित्राच्या मातोश्रींनीं पुढें चहासाठीं कधींहि वापरलें नाहीं.

यथाकाल नोकऱ्या लागल्या, संसार झाले, मेळ मोडला. आमचीं वाद्यें विकलीं गेलीं. त्या मित्रानें मात्र गिटार सोडली नाहीं. रात्रीं जेवणानंतर तो ती ध्वनिवर्धकास न जोडतां नुसतीच अर्धा तास वाजवीत बसे. तीन वर्षांपूर्वीं तो गेला. वर्षश्राद्धानंतर आम्ही त्याच्या घरीं गेलों असतां वहिनींनीं गिटारीची पेटी आणून आमच्यापुढें ठेविली आणि त्या म्हणाल्या, “भावोजी, वाजवणार असाल तर न्या. भिंतीलाच टांगायची असेल तर भिंत आमच्याही घरी आहे.”

या दोन वाक्यांनीं आमच्यावर जें ओझें घातलें, तें गिटारीच्या वजनाहून पुष्कळ अधिक होतें. पेटी उघडून पाहतों तों तारांच्या ओढीनें दांडी वांकलेली, एक खुंटी तुटलेली, पडद्यांवर खांचा पडलेल्या. पिकअप, म्हणजे चुंबकाभोंवतीं तांब्याची तार गुंडाळून केलेलें, तारांचा कंप टिपून घेणारें उपकरण, पार मुकें झालें होतें. त्याच्या कडेवर मात्र एक गुळगुळीत खळगा होता. उजवा अंगठा तेथें टेकवून दोन बोटांनीं तारा छेडावयाच्या, ही आमच्या मित्राची पद्धत. पस्तीस वर्षांत त्या अंगठ्यानें प्लॅस्टिकवर आपली जागा कोरून ठेविली होती.

रविवारीं मित्रमंडळी जमली आणि वादास तोंड फुटलें. आमचे वकील मित्र म्हणाले, एक खिळाहि बदलूं नये. १९६५ सालीं फेंडर यांचा कारखाना सी. बी. एस्. कंपनीच्या हातीं गेला. त्यापूर्वींच्या वाद्यांस अमेरिकेंत सोन्याचा भाव येतो, आणि त्यांत एक खुंटी जरी मागाहून बसविलेली निघाली तरी तो उतरतो, असा दाखला त्यांनीं दिला. दुसऱ्या मित्रांचीं तीस वर्षें वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रें दुरुस्त करण्यांत गेलेलीं. त्यांच्या मतें पडदे, खुंट्या, पिकअप, तारा, सर्व कांहीं नवें बसवावें. जें वाजत नाहीं तें वाद्य कसलें? वस्तुतः आमच्या गिटारीस बाजारांत कवडीचीहि किंमत नव्हती, आणि म्हणूनच हा वाद निर्मळ होता. एकास मित्राची आठवण जपावयाची होती, दुसऱ्यास वहिनींचा शब्द राखावयाचा होता. दोघांचेंहि म्हणणें आम्हांस खरें वाटे, आणि त्यामुळें दोन महिने पेटी तशीच पडून राहिली.

हा गुंता सोडविला तो तिसऱ्या मित्रांनीं. त्यांच्या घरीं मिरजेचा तंबोरा आहे. मिरजेंत सतारी व तंबोरे करण्याची परंपरा दीडशें वर्षांहून जुनी. २०२४ सालीं तेथील या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. ते म्हणाले, “तारा घासून घासून तंबोऱ्याच्या घोडीवर खाचा पडतात आणि आवाज बसतो. मग कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून त्याला पुन्हा बाक देतो. त्याला जवारी काढणं म्हणतात. दर वेळी घोडीचा थोडा अंश जातो. कधी घोडीच नवी बसवावी लागते. आमच्याकडे जो आजोबांचा तंबोरा आहे, त्याची घोडी, खुंट्या, तारा यांतलं आजोबांच्या हातचं काहीही उरलेलं नाही. भोपळा आणि दांडी तेवढी तीच. तरी तो आजोबांचाच तंबोरा. कारण त्यांच्यामागे तो कधी मुका राहिला नाही.”

हें ऐकून आमच्या मनाची तार जुळली. थोडें पाहिलें तर पश्चिमेकडील थोर वादकांचें वर्तनहि याहून निराळें नाहीं. जॅको पास्टोरियस यानें १९६२ सालच्या आपल्या फेंडर गिटारीचे पडदे निघालेल्या जागा भरून घेऊन दांडी सपाट केली. संग्राहकाच्या दृष्टीनें हा केवढा अत्याचार! पण त्याच दांडीवरून निघालेल्या घसरत्या, मनुष्यकंठासारख्या सुरानें या वाद्याची योग्यता वाढविली. उलट जेम्स जेमर्सन जुन्या तारा तुटेपर्यंत बदलीत नसत, अशी त्यांची ख्याति आहे. पॉल मॅकार्टनी यांनीं १९६१ सालीं हाम्बुर्ग येथें घेतलेली हॉफ्नर बेस गिटार १९७२ सालीं लंडनमध्यें चोरीस गेली होती. ती सांपडून त्यांना परत मिळाल्याचें २०२४ च्या फेब्रुवारींत जाहीर झालें. मोडकळीस आलेल्या त्या वाद्याची दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडनच्या रंगमंचावर त्यांनीं तें वाजविलें. कांचेच्या कपाटांत त्याचा मान कदाचित् अधिक राहिला असता, पण तें वाजलें नसतें.

मग आम्हींहि निर्णय केला. दांडीच्या पोटांतील लोखंडी सळई पिळून दांडी सरळ केली. तुटलेली खुंटी व झिजलेले पडदे बदलले. पिकअपमधील वेटोळें आमच्या यंत्रज्ञ मित्रांनीं केसासारख्या बारीक तारेचे कित्येक हजार वेढे देऊन पुन्हां भरलें. तें भरण्यास त्यांना चार रविवार लागले. वरचें प्लॅस्टिकचें आवरण मात्र, त्यावरील खळग्यासह, जसेंच्या तसें ठेविलें. वकील मित्रांनीं यावर अपील केलें नाहीं.

राहिलीं आमचीं बोटें. ३४ इंचांच्या तारेवर पहिला पडदा टोंकापासून जवळजवळ दोन इंचांवर येतो. विशीच्या हातास हें अंतर जाणवत नाहीं, आमच्या सांध्यांस तें रोज सकाळीं जाणवतें. चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा लाविल्या, घोडी थोडी खालीं घेतली, आणि जेथें पूर्वीं आठ स्वर वाजवीत असूं तेथें दोनांवर भागवूं लागलों. नवल असें कीं त्या दोन स्वरांनीं गाणें अधिक नीट उभें राहूं लागलें. तरुणपणीं आम्ही सर्वांना ऐकूं जावें म्हणून वाजवीत होतों. आतां दुसऱ्याचें गाणें पडूं नये म्हणून वाजवितों.

या वर्षीं एका रविवारीं वहिनींना घरीं बोलाविलें. संवादिनीवर एक जुनें चित्रपटगीत चाललें होतें, आम्ही खालून साथ करीत होतों, आणि वहिनी आमच्या कुटुंबाशीं नातवंडांविषयीं बोलत होत्या. वाजविण्याकडे त्यांचें लक्ष आहे असें दिसलें नाहीं. मध्येंच आमचें बोट आंखडलें म्हणून आम्ही थांबलों. चाल सुरूच होती. पण वहिनींनीं बोलणें अर्धेंच टाकून मान वळविली व विचारलें, “का हो, काय थांबलं?”

पस्तीस वर्षें ज्या घरांत रात्रीं तो खर्ज घुमत होता, त्या घरांतील माणसाचा कान तो. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. बोट मोकळें करून सूर पुन्हां धरला, आणि त्या नातवंडांकडे वळल्या. त्यानंतर आमच्या घरीं भिंतीवर गिटारीसाठीं खिळा ठोकण्याची गोष्ट कोणी काढलेली नाहीं.