फटफटीचा आवाज

मराठीने मोटारसायकलचं बारसं थेट तिच्या आवाजावरून केलंय. फटफटी! आता कुणी म्हणत नाही, पण आमच्या घरात हा शब्द अजून जिवंत आहे, कारण घरात एक फटफटी आहे. बाबांची बुलेट ३५०, १९९४ ची. नंबर एमएच-०६, म्हणजे पनवेलच्या गाड्या पेणच्या आरटीओत पासिंग व्हायच्या तेव्हाचा. (आता आम्ही एमएच-४६ वाले.) गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. माझे ऑफिसातले मित्र हौसेने चालवायला मागतात आणि पहिल्या सिग्नललाच घाम पुसतात.

तर यंदाच्या पावसाने तिचा सायलेन्सर खाल्ला. तळाला बोट जाईल एवढं भोक. नवीन घेणं आलं, आणि बुलेटचा सायलेन्सर घ्यायचा म्हणजे काय विचारता! इंदोरी, पंजाब, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार... गॅरेजवाला मिठाईच्या दुकानातल्यासारखी नावं घेत होता. माझं म्हणणं साधं, कंपनीसारखा जाळीवाला बसवू. बाबा म्हणाले, "छे, जरा आवाजाचा बसव. हिला हल्ली आवाजच राहिला नाही."

बाबांची नोकरी तळोजा एमआयडीसीत, मशीनच्या खडखडाटात गेली. दोन वर्षं झाली, कानाचं मशीन लावतात. अशा नोकरीत आधी बारीक, चिरके आवाज जातात. पक्षी, कुकरची शिट्टी, नातीचं बोलणं. खर्जातले आवाज बरेच दिवस टिकतात. बुलेट ही त्यातली शेवटची शिल्लक.

आता हा आवाज येतो कुठून? बुलेटला सिलिंडर एकच, आणि फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट. आयडलला ९०० आरपीएम धरले तर मिनिटाला ४५० ठोके, म्हणजे सेकंदाला साडेसात. कानाला सुटे सुटे ऐकू येतील इतके सावकाश. जुन्या बुलेटचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, शिवाय जड फ्लायव्हील, म्हणून ती इतक्या संथपणे न बंद पडता चालते. चार सिलिंडरच्या गाडीत तेवढ्याच आरपीएमला चौपट ठोके पडतात आणि त्यांची मिळून गुणगुण होते. ठोका इंजिनाचा असतो. सायलेन्सर फक्त त्यातलं किती बाहेर सोडायचं ते ठरवतो. भोकांची नळी, आतले कप्पे, कुठे ग्लासवूल. आवाजाची लाट त्यात आपटून, मुरून बाहेर पडते. जाळी काढली की ठोका वाढत नाही, नुसता गोंगाट वाढतो.

"पिकअप वाढतो साहेब" हेही ऐकलं. कार्ब्युरेटरच्या गाडीला मोकळा पाइप लावला की मिक्श्चर लीन होऊ शकतं, मग मेन जेट बदला, थ्रॉटल सोडला की फटाके ऐका. नव्या बीएस-६ गाड्यांत तर पाइपातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. ते उपटणं म्हणजे आवाजाबरोबर धुराचाही गुन्हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि महाराष्ट्रात कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेले आपण टीव्हीवर पाहिलेत.

पण आवाजाचं वेड फक्त आपल्याकडेच आहे असं नाही हां. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ साली आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. सहा वर्षं भांडून २००० साली अर्ज मागे घेतला.

असो. हे सगळं मी बाबांना समजावलं. डेसिबल, दंड, आणि मुख्य म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंची नात, वय दीड महिना. आमची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या गॅलरीतली शिंकही घरात येते. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुला ऐकू येतं म्हणून तू असं बोलतोस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

शेवटी जाळीवालाच बसवला. पण गॅरेजवाल्याला म्हटलं, टॅपेट नीट लाव, पॉइंट साफ कर आणि आयडल जमेल तेवढं खाली आण. त्याने अर्धा दिवस घेतला. त्या रविवारी आम्ही पळस्पे फाट्यावरून गोवा हायवेला लागलो, शिरढोण मागे टाकून कर्नाळ्यापर्यंत. (एक्स्प्रेस वे दुचाकीला बंद, त्यामुळे आमची धाव अशीच.) तिथे गाडी स्टँडवर लावून मी आयडलला ठेवली. बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, टाकीवर पंजा ठेवला आणि बराच वेळ उभे राहिले. मी बाजूला जाऊन चहा सांगितला.

"लागला का आवाज?" मी मोठ्याने विचारलं.

"मधेच एक ठोका चुकतोय," ते म्हणाले. "प्लग बघ."

मला काहीच चुकल्याचं ऐकू येत नव्हतं. घरी येऊन प्लग काढला. काजळीने काळा झाला होता.

सायलेन्सर मात्र त्यांना अजून पसंत नाही. परवा गॅरेजवाल्याला फोन करून गोल्डस्टारची किंमत विचारत होते.