उल्हासनगरचा रॅक, बदलापूरचे घर

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात शिरले, की पॉलिशचा आणि ताज्या भुशाचा वास सामोरा येतो. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील विस्थापित कुटुंबे वसली; १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिचे विभाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. शून्यातून संसार उभारणाऱ्यांच्या या गावात आता इतरांचे संसार सजतात.

गेल्या हिवाळ्यात तेथे एक जुना सागवानी वाइन रॅक दृष्टीस पडला. आडव्या पट्ट्यांना अर्धगोल खाचा, प्रत्येक खाचेत एक बाटली आडवी. त्यामुळे बूच आतून ओले राहते, आकसत नाही आणि हवा आत शिरत नाही. कारागिराचे हे शहाणपण भावले. परंतु मन मात्र लोकलच्या वाटेने, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरालाही मागे टाकून, बदलापूरच्या एका घरी पोहोचले.

त्या घरी पंचाहत्तरीच्या काकांना तपासायला मी जात असे. दिवाणखान्यात असाच रॅक होता. नाशिकहून नातलगांनी आणलेल्या बाटल्या त्यात होत्या. मी लाकडाचे कौतुक केले, प्रश्न मात्र विचारला नाही. झोप लागत नाही म्हणून गोळी लिहून दिली. काही दिवसांतच रात्री उठताना काकांचा तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले.

“रोज रात्री थोडी घेतात, हृदयाला चांगली म्हणून,” काकू म्हणाल्या. “तुम्ही विचारलं नाहीत, डॉक्टर, आणि आम्हीही सांगितलं नाही.”

चूक माझी होती. म्हणूनच आज आपल्याशी बोलतो आहे.

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तेवढ्याच मद्याचा अंमल अधिक चढतो. झोपेच्या गोळीसोबत ते गुंगी वाढवते व श्वास मंदावू शकते. मधुमेहाच्या काही औषधांसोबत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाची भीती वाढते. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. हृदयासाठी म्हणून कोणी वाइन सुरू करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी औषधांची यादी सांगताना पेल्याचाही उल्लेख संकोच न बाळगता करावा. मात्र रोज घेणाऱ्याचे मद्य घरच्या घरी एकाएकी तोडू नये. हातापायांना कंप, भ्रम, क्वचित झटकेही येऊ शकतात. आधी डॉक्टरांना विचारावे.

जुना रॅक आवडला, तर अवश्य घ्या. वाळवी व भुंगा लागला आहे का, हे पाहा. तो भिंतीला पक्का बसवा, कारण उठताना वृद्धांचा हात आधारासाठी तेथेच जातो. वापरातल्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत ठेवा.

काका आता वॉकर घेऊन घरात हिंडतात. त्यांच्या रॅकच्या खाचांत गुंडाळलेले पंचे आणि वर्तमानपत्रे असतात. आणि मी कोणत्याही घरी झोपेची गोळी लिहिण्यापूर्वी तो एक प्रश्न विचारतो.