शिंपला बांधण्याआधी

बर्मा-शेलच्या पंपावरचा पिवळा शिंपला ज्यांनी पाहिला, ती पिढी आता साठीला आली. पंख्यासारखा उघडलेला, तांबड्या अक्षरांचा, उंच खांबावर लावलेला. पुणे-बंगळूर रस्त्यावर साताऱ्याच्या अलीकडच्या अशाच एका पंपावर एका मुलीचे वडील हिशेब लिहायचे. शाळा सुटली की ती तिथे येई आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून गृहपाठ करी. समुद्र तिने तोवर पाहिलेला नव्हता. शिंपला म्हणजे तिच्या लेखी पेट्रोलच्या वासाची, ट्रकवाल्यांच्या हाकांची वस्तू.

"आबा, हा शिंपला इथं कशाला?"

"कंपनीचा आहे गं. साहेबानं ठरवला, आपण लावला."

1976 साली सरकारने बर्मा-शेल ताब्यात घेतली, पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली आणि पंपांवरचे शिंपले उतरले. मुलगी भूगोलाची शिक्षिका झाली. नोकरीभर सगळ्या शाळेने तिला 'बाई' म्हटलं, म्हणून इथेही बाईच म्हणू. सहली घेऊन त्या गणपतीपुळ्याला जात, तेव्हा मुलं ओंजळी भरभरून शिंपले गोळा करायची. त्यात एखादा पन्हळीदार, पंख्याच्या आकाराचा निघाला की बाई तो हातात घेऊन जरा जास्त वेळ बघत बसायच्या. आबांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळायचं राहूनच गेलं होतं.

ते मिळालं निवृत्तीनंतर, आणि तेही अगदी अनपेक्षित दिशेने. शेल कंपनी 1897 साली लंडनच्या मार्कस सॅम्युएल यांनी काढली. त्यांचे वडील समुद्री शिंपल्यांचा व्यापार करत, त्यावरून कंपनीचं नाव पडलं. 1901 साली चिन्ह म्हणून साधा लांबट शिंपला होता. 1904 साली तो जाऊन पंख्यासारखा आला. हाच का आला, याची एक कथा कंपनीच्या इतिहासात दिलेली असते. ग्रॅहम नावाचे एक व्यापारी सॅम्युएल यांचं रॉकेल भारतात आणून विकत आणि पुढे ते कंपनीचे संचालक झाले. त्यांच्या घराण्याच्या मानचिन्हावर हा शिंपला होता, कारण त्यांचे पूर्वज स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला इथे, संत याकोबाच्या समाधीला, चालत जाऊन आले होते. 'असं म्हणतात' याच सुरात ही कथा सांगितली जाते, आणि ती त्याच सुरात घ्यावी. पण साताऱ्याजवळच्या पंपावर एक यात्रेकरू उभा होता, ही कल्पनाच बाईंना सोडेना.

कमिनोला, म्हणजे सांतियागोच्या त्या पायी यात्रेला, जायचं ठरलं ते इथे. फ्रान्समधल्या सां-जाँ-पिए-द-पोर गावातून पिरेनीज ओलांडून सांतियागोपर्यंत सुमारे 780 किलोमीटर चालायचं. हल्ली मराठी माणसंही ही वाट चालू लागली आहेत. बहुतेक जण पॅरिस किंवा माद्रिदला उतरतात, मिळेल ती गाडी पकडून सां-जाँ गाठतात आणि दुसऱ्या सकाळी चालायला लागतात. बाईंना तसं जायचं नव्हतं. पाय चालायला लागण्याआधी शिंपल्याच्या मागोमाग फ्रान्स आणि स्पेन थोडा बघायचा, असं त्यांनी ठरवलं. हा निर्णय फार शहाणपणाचा होता, असं माझं मत आहे.

या वाटेच्या मध्ययुगातल्या आणि आजच्या रूपात एक मोठं अंतर पडलंय. मध्ययुगातला यात्रेकरू आपल्या दारातून निघे. लिएज, त्र्वा, पॅरिस, कुठूनही. सां-जाँ हे त्याच्या प्रवासातलं मधलं एक गाव. आणि सांतियागोला पोचल्यावर निम्मंच काम झालेलं असे, कारण तितकंच चालत घरी यायचं असे. शिंपला त्या परतीचा सोबती होता. सांतियागोच्या कॅथीड्रलमध्ये जपलेलं 12व्या शतकातलं 'कोडेक्स कालिक्स्तिनस' हे हस्तलिखित सांगतं की जेरुसलेमहून परतणारे जशा ताडाच्या फांद्या आणतात, तसे इथून परतणारे शिंपले आणतात. शिंपल्याच्या पन्हळी म्हणजे हाताची बोटं, सत्कर्म करणारी, असा अर्थही ते लावतं. याच ग्रंथातल्या यात्रामार्गदर्शिकेत कॅथीड्रलच्या उत्तर दरवाजासमोरच्या बाजाराचं वर्णन आहे: शिंपले, कातडी बुधले, जोडे, हरणाच्या कातड्याच्या पिशव्या, पट्टे, औषधी वनस्पती. सांतियागोबाहेर शिंपले विकणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याचा अधिकार पोपांनी तिथल्या आर्चबिशपला दिला होता. म्हणजे शिंपला मिळवायचा तर तिथवर जायलाच हवं होतं.

बाईंच्या आजीच्या देवघरात काशीहून आणलेला, तोंड झाळलेला गंगेचा तांब्याचा गडू होता. काशी झाल्याशिवाय तो कुणाच्या घरी येत नसे. आणि त्याच आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, ती मात्र वारीला जाण्याआधी घातलेली. एक खूण जाऊन आल्याची, एक जाणार म्हटल्याची. शिंपला शेकडो वर्षं गडूसारखा होता. आता सां-जाँमध्ये पहिल्याच संध्याकाळी लोक तो पाठपिशवीला बांधतात. तो माळ कधी झाला, हे बाईंना शोधायचं होतं.

पॅरिसमध्ये रिव्होली रस्त्यावर एक एकटा बुरूज उभा आहे. त्याला जोडलेलं चर्चच नाही. खाटकांच्या वस्तीतलं संत याकोबाचं चर्च 1797 मध्ये दगडांसाठी पाडलं गेलं, आणि 1509 ते 1523 मध्ये बांधलेला हा घंटाबुरूज तेवढा राहिला. पॅरिसकर यात्रेकरू इथून निघून सीन नदी ओलांडत आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या सरळ रस्त्याला लागत. तो रस्ता रोमन काळापासूनचा आहे आणि आजही त्याचं नाव सँ-झाक, म्हणजे संत याकोबाचाच रस्ता. बाई तो शेवटपर्यंत चालल्या. दुतर्फा पुस्तकांची दुकानं, सोरबोन विद्यापीठ, कॉफीवाले. शिंपला कुठेच नाही, पण आठशे वर्षांपूर्वी शिंपला आणायला निघालेली माणसं याच फरसबंदीच्या जागेवरून गेली.

खरा शिंपला भेटला बाजारात. एप्रिल होता, म्हणून भेटला. मासळीवाल्याने बर्फावर तपकिरी ढीग रचला होता, सगळे जिवंत. एक उचलून त्याने चपटी, बोथट सुरी दोन शिंपांच्या मधे सरकवली, आतला स्नायू वरच्या शिंपेपासून सोडवला आणि झाकण उघडावं तशी ती उघडली. वरची शिंप सपाट, खालची वाटीसारखी खोल. मधे पांढरा गोल स्नायू, त्याला बिलगलेली नारिंगी जीभ, आणि कडेच्या झालरीवर बारीक निळसर ठिपके. ते ठिपके म्हणजे डोळे, शंभराहून अधिक. बाईंनी वाचलेलं होतं, पण डोळ्यांना डोळे भिडल्यावर त्या क्षणभर मागे सरल्या. हा प्राणी दोन शिंपा आपटत पाण्यात उड्या मारत पोहतो, तळाशी चिकटून बसत नाही. फ्रेंच लोक त्याला सँ-झाकचा शिंपला म्हणूनच विकत घेतात आणि खोल शिंपेतच लोणी-लसूण घालून भाजतात. याच खोल शिंपेने वाटेवर झऱ्याचं पाणी पिता येतं, म्हणून यात्रेकरूंना ती सोयीची.

मासळीवाल्याला बाईंनी खुणेने रिकामी शिंप मागितली. त्याने कागदात गुंडाळून दिली, पैसे घेतले नाहीत. ती त्यांनी पिशवीच्या तळाशी ठेवली. बांधायची नाही, हे ठरलेलं होतं.

पॅरिस ते बोर्दो ही वाट 2017 पासून वेगवान गाडीला जेमतेम दोन तासांची झाली आहे. पायी तिला तीन-चार आठवडे लागत. खिडकीतून तूर आणि प्वातिए ही गावं मागे गेली, आणि त्या प्रत्येक गावात एके काळी यात्रेकरूंचा मुक्काम होता. फ्रान्समधून चार मोठ्या वाटा दक्षिणेकडे येत: तूरवरून, वेझलेवरून, ल पुईवरून आणि आर्लवरून. ल पुईचा बिशप गोदेस्काल्क 950 च्या हिवाळ्यात सांतियागोला गेला. फ्रान्समधून गेलेला, नावाने माहीत असलेला तो पहिला यात्रेकरू. 1998 साली युनेस्कोने या वाटांवरची 71 स्मारकं आणि ल पुईच्या वाटेचे सात तुकडे जागतिक वारशाच्या यादीत घेतले. बोर्दोच्या पदपथांत धातूचे शिंपले बसवलेत. त्यांवरून रोज हजारो माणसं कामाला जातात. बाई मात्र त्यांना पाय न लागू देता बाजूने चालत राहिल्या. इतक्या वर्षांची सवय, शिंपला उंचावर बघायची.

हेंदाईला फ्रान्स संपतो. बिदासोआ नदी, पलीकडे इरून. रूळही बदलतात, कारण स्पेनचा जुना रेल्वेमार्ग फ्रान्सपेक्षा जवळजवळ पाऊण फूट रुंद आहे, 1668 मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त आठ मिलिमीटर कमी. भूगोल शिकवलेल्या बाईंना या आकड्याने फार आनंद झाला. सान सेबास्तियनच्या अर्धगोल किनाऱ्यावर एक संध्याकाळ गेली, आणि मग त्या वाट वाकडी करून सालामांकाला गेल्या.

सालामांकाला जायलाच हवं. 1493 ते 1517 दरम्यान तिथे बांधलेला एक वाडा आहे, 'कासा दे लास कोंचास', आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर तीनशेहून जास्त दगडी शिंपले कोरलेत. मधमाशीच्या पोळ्यासारखे तिरप्या रांगांत, एकही सुटा नाही. वाडा बांधणारे रोद्रिगो आरियास माल्दोनादो हे सांतियागोच्या लढवय्या धर्मपंथाचे सरदार होते. त्यांच्या पत्नीच्या पिमेन्तेल घराण्याच्या मानचिन्हावरही शिंपले होते, त्यामुळे भिंत पंथासाठी की पत्नीसाठी, यावर मतं वेगळी आहेत. सालामांकाचा दगड सोनेरी. ऊन सरकेल तशी प्रत्येक शिंपल्याची सावली बदलत जाते. बाई समोरच्या पायऱ्यांवर बसून हे बदलताना पाहत होत्या. आत आता सार्वजनिक वाचनालय आहे; पोरं दप्तरं घेऊन त्या शिंपल्यांखालून आत जातात आणि मान वर करून बघतही नाहीत. ज्याच्या त्याच्या गावातली भिंत.

इथे बाईंना एक गोष्ट उमगली, आणि मला ती या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोलाची वाटते. शिंपला प्रवासाच्या सुरुवातीलाच का आला, याचं कारण परतीची वाट संपली हे असावं. आज सांतियागोला पोचलेला माणूस दोन दिवसांत विमानाने घरी असतो. तिथे मिळालेला शिंपला बांधून चालायचं कुठे? जुन्या यात्रेकरूला त्याच्या जोरावर परतीच्या गावांत आसरा आणि भाकरी मिळे. आजच्याला तो थेट शोकेसमध्ये ठेवावा लागेल. म्हणून लोकांनी तो पुढे आणला, जाताना बांधायला घेतला. वाटेवरच्या गावकऱ्यांना ओळख पटते, गाडीवाले वेग कमी करतात, अनोळखी माणूस थांबून हात हलवतो. यात मला काही वावगं वाटत नाही. पण जाण्याची लांब वाटही आता रेल्वेने खाल्ली आहे, हे मात्र जाणवायला हवं.

सालामांकाहून बाई पाम्प्लोनाला आल्या. तिथून सां-जाँला हंगामात बस जाते. ती रोन्सेस्वायेसवरून, इबान्येताच्या 1057 मीटर उंच खिंडीतून उतरते. जी वाट पायी चढायची, तिच्या शेजारून उलट्या दिशेने खाली येणं विचित्र वाटतं. बाई काचेला नाक लावून चढण मोजत होत्या.

सां-जाँच्या सितादेल रस्त्यावर, गुलाबी वालुकाश्माच्या घरांच्या ओळीत, 39 क्रमांकाच्या घरात यात्रेकरूंचं कार्यालय आहे. तिथे स्वयंसेवक शिक्के मारायचं यात्रापत्र देतात, उद्याची हवा सांगतात. टोपलीत शिंपले असतात, ऐच्छिक देणगी पेटीत टाकायची. बाईंपुढे बसलेल्या स्वयंसेवक आजींनी टोपली सरकवली. बाईंनी पिशवीतली पॅरिसची शिंप काढून दाखवली.

"मग बांधा की," आजी म्हणाल्या.

"पोचल्यावर."

आजींनी मान डोलावली आणि पहिला शिक्का मारला. सांतियागोत शिरताना 'रूआ दोस कोंचेइरोस' हा रस्ता लागतो, शिंपलेवाल्यांचा. तिथे बांधायची, एवढं ठरलं.

कमिनोला निघणाऱ्यांना एकच विनंती. थेट सां-जाँला उतरू नका, आधीचे काही दिवस पॅरिस, बोर्दो आणि सालामांकाला द्या. पिरेनीजवरची उंचावरची वाट 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंद असते, आणि फ्रान्समध्ये शिंपल्यांची मासेमारी 15 मेला थांबते ती 1 ऑक्टोबरलाच उघडते. तेव्हा एप्रिलची तिकिटं काढा.