फडताळातला डबा

मैत्रिणींनो, तुमच्याही फडताळात असा एक डबा असेल. आमच्याकडे तो बिस्किटांचा पत्र्याचा होता. मागच्या तापातल्या चार कॅप्सूल, धाकट्याच्या कानदुखीच्या दोन गोळ्या, असं सगळं त्यात. एवढी महागाची औषधं, टाकवत नाहीत ना! कुणाचा घसा धरला की मी डबा उघडायची. दोन दिवसांत उतार पडला की उरलेल्या गोळ्या पुन्हा डब्यात. "वहिनी म्हणजे अर्ध्या डॉक्टरच!" असं शेजारणी म्हणायच्या आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण सहाव्या दिवशी जखम लाल झाली, पू धरला, ताप चढला. पू तपासायला पाठवला. रिपोर्टात औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे लागू पडणारं, 'आर' म्हणजे जंतू ज्याला दाद देत नाहीत ते. बहुतेक ठिकाणी 'आर'! जखम पुन्हा उघडून धुवावी लागली. तीन आठवडे शिरेतून इंजेक्शनं. माझ्या पाटल्या गहाण पडल्या.

मी डॉक्टरांना विचारलं, "असं कसं झालं?" ते म्हणाले, "औषधानं दुबळे जंतू मरतात, एखादा चिवट उरतो आणि त्याचीच वीण वाढते. शिवाय आपण पापडाची कृती शेजारणीला देतो, तसे जंतू हा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात." इस्पितळात औषधांचा मारा सतत, माणसं अशक्त, जखमा उघड्या. म्हणून तिथे त्यांचं फावतं.

हे आजचं नाही बरं का. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी १९४५ साली नोबेल घेतानाच बजावलं होतं की, अपुरं औषध घेतलं तर जंतू निर्ढावतील. मेथिसिलिन हे नवं औषध आलं, आणि १९६१ सालीच इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. मी शेजारच्या खाटेवरच्या आजींना उठवून बसवायची, पाणी पाजायची आणि त्याच हातांनी सासूबाईंची चादर सारखी करायची. माया करत होते हो! पण हे जंतू बरेचदा हातांवरूनच एका खाटेवरून दुसरीवर जातात. व्हिएन्नाच्या सेमेलवाइस डॉक्टरांनी १८४७ साली हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू किती कमी केले होते!

शेवटी धीर करून विचारलं, "डॉक्टर, माझ्या डब्यामुळे झालं का?" ते म्हणाले, "तसं सांगता येणार नाही. पण असे डबे घरोघरी आहेत."

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. तुम्हांला एवढंच सांगते. साध्या सर्दीवर ही औषधं चालतच नाहीत. पट्टीवर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सांगितलं तितकं आणि तितके दिवसच घ्या. आजाऱ्याला भेटायला गेलात, तर शिवण्याआधी आणि नंतर हात धुवा. डॉक्टर-नर्सनाही गोड शब्दांत विचारा. त्यात कसला संकोच?

माझा डबा? त्यात आता सुया-दोरे असतात.